फुलसिंगचा नंबर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. कळंबला चिंतामणी गणपतीपुढे दोन-तीनदा हात जोडून उभा राहिलो, म्हटलं निदान इथं तरी बोलावं — पण तिथंही तोंडातून भलतंच निघालं, पोरीच्या लग्नाचं वगैरे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. पाहू.

कुठून सुरू करू? फटफटीपासून करतो. ते सोपं आहे.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. यवतमाळात तेव्हा फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मी लढाईच्या काळात फौजेत होतो — एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर डाक नेणारा फटफटीस्वार. परत आल्यावर दारव्हा रस्त्यावर मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मिस्त्री म्हणून लागलो. फौज सुटली तरी लोक हवालदारच म्हणत. आणि मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

तर एका सरकारी खात्याला चार फटफट्या मिळाल्या. खात्याचं नाव घेत नाही. गावोगाव फिरून तपासणी करणारे त्यांचे चार निरीक्षक होते. तोवर ते सायकलनं जायचे, नाहीतर मिळेल त्या बैलबंडीत बसून. खात्याचे साहेब आमच्या कारखान्यात आले. म्हणाले, "हवालदार, चौघांना पंधरा दिवसांत तयार करा. पण असे तयार करा, की एकाचंही हाड मोडून मला त्याच्या घरी निरोप पाठवावा लागू नये."

मी हो म्हटलं. मला येतच होतं ते.

गावाबाहेर एक पडीक मैदान होतं, त्याच्या एका अंगाला मुरमाचा उतार. तिथं शिकवायला लागलो. पहिले दोन दिवस मी इंजिन सुरूच करू दिलं नाही. गाडी ढकलायची, आडवी पाडायची, उचलायची. चौघं घामाघूम. मग डांबराचे रिकामे पिंप मांडून त्यांच्यामधून हळूहळू, माणूस चालतो त्या वेगानं गाडी काढायची. जोरात कोणीही चालवतं; हळू चालवणाऱ्यालाच गाडी कळते. जिथं जायचं तिथं पाहा, हे तर दिवसातून शंभरदा सांगायचो — खड्ड्याकडे पाहाल तर खड्ड्यातच जाल. आणि बंडी दिसली की गाडीवानाकडे पाहू नका, तो अर्धा झोपेत असतो. बैलांचे कान पाहा. कान मागं गेले म्हणजे बैल बुजणार. तिथंच रेस कमी करा.

हे सगळं महत्त्वाचं. पण खरा धडा शेवटचा — अचानक थांबण्याचा.

तो नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रस्त्यावर मुरूम मोकळा पडलेला आहे, तुम्ही उतारावर आहात आणि समोर काहीतरी आडवं आलं. माणूस काय करतो? मूठ आवळतो. सगळेच आवळतात, नवीन असताना मीही आवळली होती. आणि त्या मुठीत पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. मुरमावर पुढचं चाक जाम झालं की गाडी खालून निघून जाते — झालं. म्हणून हाताला वेगळं शिकवावं लागतं. हँडल सरळ. रेस बंद. पायाचा ब्रेक दाबत न्यायचा, आणि हाताचा दोन बोटांनी, अलगद. चाक घसरतंय वाटलं की सोडायचा, पुन्हा धरायचा. ऐकायला काही कठीण नाही. पण सांगून येत नाही हे. भीती वाटली की डोक्यातलं सगळं जातं आणि मूठ तेवढी राहते. त्यासाठी उतारावर दहा वेळा, पंधरा वेळा करून घ्यावं लागतं. लोक पडतात. पडू द्यायचं — मी बाजूला उभा असतोच. एकदा हातानं घेतलं की मग ते हाताचं होतं, माणसाला विचार करावा लागत नाही.

मला हे माहीत होतं. चांगलं माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

चौघांत एक होता फुलसिंग राठोड. चोवीस-पंचवीसचा असेल. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बापानं शेती धरली, आणि हा तांड्यातला पहिला मॅट्रिक. शिकायला चांगला होता. चांगला म्हणजे — चौघांत सगळ्यात चांगला. पिंपांमधून पहिल्याच दिवशी पाय न टेकता गाडी काढली त्यानं. मी शाबास म्हटलं नाही. का म्हटलं नाही? तेव्हा काही झालेलं नव्हतं. तरीही म्हटलं नाही.

झालं ते पाचव्या-सहाव्या दिवशी. साहेब मैदानावर पाहायला आले, सोबत बाहेरगावचे दोन पाहुणे. मी म्हटलं, आधी मी दाखवतो. गाडीवर बसलो, किक मारली. सुरू होईना. पुन्हा मारली. दहा-बारा किका झाल्या. टोपी काढून घाम पुसला, प्लग पाहिला, पुन्हा किक. साहेब घड्याळाकडे पाहत होते. तेवढ्यात फुलसिंग मागून आला, खाली वाकला, टाकीखालची पेट्रोलची चावी फिरवली. "बंद होती जी," एवढंच म्हणाला, तेही हळू आवाजात. पुढच्या किकेला गाडी सुरू.

साहेब हसले. म्हणाले, "हवालदार, इथं शिकवतं कोण आहे?" मग पाहुणे हसले, मग बाकीचे तिघं हसले. फुलसिंग हसला नाही. त्यानं मला त्या फजितीतून काढलं होतं — आज कळतं. तेव्हाही कळलं असेल. पण माझ्या मनात जे आलं ते असं: एका लमाणानं मला शिकवावं. याच शब्दांत आलं. चांगले शब्द घालून लिहिता आलं असतं, पण आले तेच लिहितो.

त्यानंतर मी त्याच्याशी वाईट वागलो असंही नाही. ओरडलो नाही, काही नाही. फक्त थंड झालो. आतून.

चौदाव्या दिवशी उताराचा धडा होता. पहिला वानखडे — जाडजूड, भित्रा माणूस. सात वेळा पडला. कोपरं सोलली, पॅन्ट फाटली, मला म्हणाला, "हवालदारजी, मी सायकलच चालवतो, मले सोडा." मी सोडलं नाही. आठव्यांदा गाडी सरळ थांबली. मग आणखी आठ वेळा करून घेतलं. बाकीचे दोघंही तसेच झाले. या सगळ्या वेळात फुलसिंग पडलेल्यांच्या गाड्या उचलत होता, पाणी आणून देत होता. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि गाडीजवळ येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "झालं आजचं."

"माहा नंबर राह्यला जी."

"तुले तं सारंच येते," मी म्हटलं. "तुले कायले शिकवा लागते?"

तिघं हसले. तोही हसला, मान खाली घालून. मग म्हणाला, "उद्या घेसान काय जी?"

"पाहू."

दिवस मावळायला अजून तासभर होता. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अंधार पडत आला होता. नव्हता. ऊन होतं चांगलं. पिंपांच्या सावल्या नुकत्या लांब व्हायला लागल्या होत्या. मी गाड्या आत लावायला सांगितल्या आणि घरी गेलो. जेवलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर परीक्षा — किक, पिंप, गावात जाऊन परत. उतार त्यात नव्हताच. फुलसिंग पहिला आला. मग साहेबांनी छापील कागद पुढं केला. चार नावं, प्रत्येकापुढे धड्यांची घरं. शिकवलेल्या धड्यापुढे खूण करायची आणि खाली सही. मी वरून खाली खुणा करत आलो. फुलसिंगच्या ओळीत शेवटच्या घराशी पेन क्षणभर थांबलं — नाही, तेही खरं नाही. थांबलं नाही. मी सरळ खूण केली आणि सही केली.

दिवाळी झाली. कापूस निघाला, बाजाराकडे बंड्यांच्या रांगा लागल्या. एक दिवस सकाळी साहेबांचा शिपाई कारखान्यात आला: राठोड निरीक्षक बोरी अरबच्या अलीकडे नाल्याच्या उतारावर पडले, पाय बंडीखाली आला, डोक्याला मार आहे, यवतमाळच्या दवाखान्यात आणलंय.

मी काय केलं? हातात पाना होता, तो जागेवर ठेवला. हात पुसले. आत काही हललं का? आठवत नाही. काहीच आठवत नाही, फक्त हात पुसले ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी साहेब मला जीपमध्ये घालून त्या जागेवर घेऊन गेले. मी जाणकार, म्हणून. रस्त्यावर नवा मुरूम टाकलेला होता. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी. बंडीवाला म्हातारा शेतकरी बोलावून आणला होता. तो धोतराचा सोगा हातात धरून उभा होता. त्याची बंडी नाल्यातून वर चढत होती, एका बैलानं अचानक अंग टाकलं आणि बंडी आडवी झाली — असं त्यानं सांगितलं.

चाकांच्या खुणा तशाच होत्या. मी खाली बसलो आणि पाहिल्या. पुढच्या चाकानं मुरूम खोल ओरबाडला होता, चार-पाच हात सरळ, मग एकदम बाजूला. मागच्या चाकाची खूण हलकी, फिरत गेलेली. ते चाक कुठं अडलंच नव्हतं. म्हणजे पायाचा ब्रेक त्यानं दाबलाच नव्हता. मूठ आवळली होती. नुसती मूठ. मुरमावर ते सगळं लिहिल्यासारखं होतं, आणि तिथं ते वाचता येणारा मी एकटा होतो.

"काय वाटतं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "वेगात असेल साहेब."

म्हातारा मध्येच बोलला. "नाही जी, हळूच येऊन राह्यला होता. लय शिस्तीनं येऊन राह्यला होता तो. मले वरडून बी सांगतलं त्यानं, काका बाजूले व्हा म्हणून."

मी उठलो. म्हटलं, "बाबा, तुमाले फटफटीच्या वेगातलं काय समजते?"

म्हाताऱ्यानं साहेबांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. खरं बोलणारा तिथं तो एकच होता, आणि त्याला मी गप्प केलं. पुढं कोणी त्याला काही विचारलं नाही.

साहेब म्हणाले, "अचानक थांबण्याचं शिकवलं होतं ना त्याला?"

"शिकवलं होतं साहेब. कागदावर आहे."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. स्वाराचा निष्काळजीपणा. आम्ही जीपमध्ये बसलो. परत येताना साहेबांनी मला पान खायला दिलं, मी खाल्लं.

फुलसिंग तीन दिवस शुद्धीवर नव्हता. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी आठव्या-नवव्या दिवशी भेटायला गेलो. त्याआधी का गेलो नाही? कारण तो मरेल असं वाटत होतं. आणि — हे लिहायला इतका वेळ घेतोय — मेला तर बरं, असं एकदा मनात येऊन गेलं. एकदाच. पण आलं.

खाटेजवळ जमिनीवर त्याची आई बसली होती. तो आईला याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीतला शब्द. मला पाहून तो उठायचा प्रयत्न करायला लागला.

"पडून राय, पडून राय," मी म्हटलं.

"हवालदारजी," तो म्हणाला, "माहीच चूक झाली. साहेब आलते. म्हणत होते, तुले सारं शिकवलं होतं, कागदावर हाय. मले तं त्या धड्याचं काहीच आठवून नाही राह्यलं. डोक्याले मार लागला न, तं निंघून गेलं असन सारं. तुमचं नाव खराब केलं म्या."

मी उभा होतो. आता बोलायचं, असं वाटलं. खरंच वाटलं. सरळ होतं ते — चार शब्दांचं काम. तुला मी शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "होते असं. आराम कर."

त्यानं याडीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिनं उठून मला पितळेच्या लोट्यातून पाणी दिलं. मी प्यालो.

खात्यानं त्याला परत घेतलं नाही. फिरतीच्या कामाला पाय लागतो, आणि शेरा तर होताच. तो तांड्यावर गेला. लोकांची पत्रं लिहून देतो, अर्ज लिहून देतो, कुबडीवर तुरीच्या शेताकडे जाऊन बसतो, असं कानावर यायचं. मी कधी गेलो नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात वानखडे पेढे घेऊन माझ्या घरी आला. तो सात वेळा पडलेला भित्रा वानखडे. वणीहून राजूरकडे जाताना वळणावर त्याच्यापुढे म्हैस आडवी आली होती. रस्त्यावर सांडलेल्या कोळशाचा चुरा. "हवालदारजी, म्या काहीच केलं नाही," तो सांगत होता, "हातानं आपोआप केलं. पायानं आपोआप केलं. गाडी म्हशीपासून दोन हातांवर उभी! लेकरं अनाथ व्हायची वाचली जी माही." आणि तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "पाहा बरं, तुमच्या शिकवण्यानं जीव वाचला एकाचा." मग पेढ्याचा पुडा बांधता बांधता म्हणाली, "मंग त्या फुलसिंगचं काहून तसं झालं जी? त्याले बी शिकवलंच होतं न तुम्ही?"

"तो विसरला," मी म्हटलं.

बायकोशी मी खोटं बोलत नसे.

चार-पाच वर्षं गेली. खात्याला आणखी गाड्या आल्या, नवे सहा निरीक्षक, आणि पुन्हा मलाच बोलावलं. माझं नाव झालं होतं — मी शिकवलेले पडत नाहीत. एक सोडून, आणि तो स्वतःच्या चुकीनं. उताराच्या धड्याच्या दिवशी सकाळीच फुलसिंग मैदानावर आला. कोणी बोलावलं नव्हतं. दारव्ह्याच्या एस.टी. मोटारीनं आला होता, कुबडी काखेत, धुतलेला पांढरा सदरा. म्हणाला, "नवे लोक आले म्हणून ऐकलं. म्हटलं दोन शब्द सांगून येतो त्याईले. चालन काय जी?"

मी मान हलवली.

तो त्या सहाजणांपुढे उभा राहिला. पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा. मले हवालदारजीनं सारं शिकवलं होतं. म्या ध्यान नाही देल्लं, म्या इसरलो. तुम्ही इसरू नका. हे सांगतीन ते कान देऊन ऐका." सहाही जण गंभीर झाले. एकानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी खाली पाहून हँडल पुसत होतो.

मला वाटलं, आता तो जाईल. तो गेला नाही. कडुलिंबाखाली एका पिंपावर बसला.

मी शिकवायला लागलो. हँडल सरळ. रेस बंद. पाय. दोन बोटं. पहिला पडला, दुसरा पडला, पुन्हा चढले, पुन्हा पडले. सहाजणांचं मिळून शंभर-सव्वाशे वेळा झालं असेल. दुपार टळली. तो पूर्ण वेळ बसून होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो, तरी दोन-तीनदा नजर गेलीच. आधी तो मान हलवत होता, शाबास म्हणत होता. मग थांबला. मग नुसता पाहत होता. एकदा त्याचा उजवा हात हवेत उचललेला दिसला. दोन बोटं पुढं, हळूच दाबतोय, सोडतोय, दाबतोय.

धडा संपला. नवे लोक पाणी प्यायला गेले. मी गाडी घेऊन त्याच्या बाजूनं निघालो होतो. तो म्हणाला —

"हवालदारजी, हे माहा हात आज पयल्यांदा करून राह्यला."

आवाज साधा होता. राग नव्हता त्यात. प्रश्नही नव्हता.

मी म्हटलं, "मोटारची वेळ झाली असंल तुही."

"हो जी," तो म्हणाला. कुबडी काखेत घेतली आणि उठला. मी आधार द्यायला हात पुढं केला नाही. तो मैदान ओलांडून रस्त्याकडे गेला. बराच वेळ लागला त्याला. मी गाडी धरून उभा होतो.

तो पुन्हा आला नाही. त्यानं कोणाला काही सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर माझ्यापर्यंत आलं असतं. पुढं एकदा वानखडे त्याला दारव्ह्याच्या बाजारात भेटला. पायाचं कसं झालं, असं तिथं कोणीतरी विचारलं, तर फुलसिंग नुसता "पडलो" म्हणाला. विसरलो म्हणाला नाही.

मी त्याला शिकवलं नव्हतं. वेळ होता, ऊन होतं, गाडी तयार होती, आणि त्यानं दोनदा विचारलं होतं.